पाळण्यातले पाय : बेसबॉलमधील एका तुलनेचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. पाय दिसल्यावर ते कुणासारखे आहेत हे सांगण्याची घाई मात्र पाळण्याभोवतीच्या माणसांनाच फार असते. नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे, रडणे थेट धाकट्या काकाचे! मूल मोठे झाले तरी ही सवय सुटत नाही. वर्गात, रंगमंचावर, मैदानावर एखादा जरा चमकला की "हा दुसरा अमुक होणार" हे वाक्य कुणीतरी उच्चारतोच. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पाठ थोपटण्याची ती एक रीत आहे. परंतु हे विधान कशाच्या आधारावर केले जाते, ते कितपत खरे ठरते, आणि ज्याच्याविषयी ते केले जाते त्याच्या वाट्याला पुढे काय येते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो करून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या अभ्यासासाठी मी अमेरिकेतील बेसबॉलचे दोन खेळाडू निवडले आहेत. कला शाखेच्या विद्यार्थिनीला बेसबॉलचे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे एक उत्तर सोपे आहे. मी आपल्या महाविद्यालयाच्या सॉफ्टबॉल संघात खेळते, आणि सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे सख्खे भावंड आहे. मैदान लहान, चेंडू मोठा, आणि पिचर चेंडू खांद्यावरून न टाकता खालून टाकते, एवढाच मुख्य फरक. दुसरे उत्तर खाजगी आहे. ते लेखाच्या शेवटी देईन. बेसबॉलमध्ये शंभराहून अधिक वर्षे सामन्यांच्या आकड्यांची नोंद ठेवली गेली आहे आणि ती सर्वांना पाहता येते. त्यामुळे तुलनेचे माप तपासायचे झाल्यास यासारखा दुसरा खेळ नाही.

मापे कोणती?

प्रथम दोन-तीन संज्ञा समजून घेऊ. फलंदाजाने घेतलेल्या पाळ्यांपैकी किती पाळ्यांत तो चेंडू मारून सुरक्षितपणे बेसवर पोहोचला, त्या प्रमाणाला फलंदाजीची सरासरी म्हणतात. (पिचरने चार वाईट चेंडू टाकल्यावर जो फुकटचा बेस मिळतो, तो 'वॉक', तो या हिशेबात धरीत नाहीत.) शंभरात तीस वेळा यश आले, तर तो उत्तम फलंदाज समजला जातो. म्हणजे या खेळात दहापैकी सात वेळा अपयशी होणारा माणूसही मोठा ठरतो! माझ्यासारखीला हे वाचून फार धीर आला. चेंडू कुंपणापार गेला की होमरन. पिचरचे लक्ष नाही असे पाहून पुढचा बेस धावून गाठणे म्हणजे बेस चोरणे. तीन स्ट्राइक पडून बाद होणे म्हणजे स्ट्राइकआउट.

तरुण खेळाडू हेरणाऱ्या पारख्यांना तिकडे स्काउट म्हणतात. ते मुलाचे पाच गुण पाहतात : चेंडू अचूक मारणे, जोराने मारणे, धावणे, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येक गुणाला २० ते ८० यांच्या दरम्यान आकडा देतात. ५० म्हणजे सर्वोच्च स्पर्धेतील साधारण खेळाडूइतका. दरवर्षी सर्व संघ पाळीपाळीने नावे पुकारून नवे खेळाडू घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडलेला मुलगा लगेच मोठ्या संघात जात नाही. लहान शहरांतील 'मायनर लीग'च्या पायऱ्या त्याला चढाव्या लागतात.

ट्राउट आणि बक्स्टन

आपल्या तुलनेतील थोरला म्हणजे माइक ट्राउट. जन्म ७ ऑगस्ट १९९१, राहणार न्यू जर्सी राज्यातील मिलव्हिल. त्याचे वडीलही मायनर लीगमध्ये खेळलेले होते. २००९ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजलिस एंजल्स या संघाने त्याला पंचविसावा म्हणून घेतले. न्यू जर्सीत थंडी लांबते, शाळांचे सामने थोडे होतात, म्हणून पारख्यांनी त्याला फारसे पाहिले नव्हते असे सांगितले जाते. त्याच्याआधी चोवीस नावे पुकारली गेली होती. गंमत अशी की चोविसावे नाव पुकारणारा संघही एंजल्सच होता! म्हणजे ज्यांनी ट्राउटला घेतले, त्यांनीसुद्धा त्याच्याआधी दुसऱ्या एका मुलावर बोट ठेवले होते.

धाकटा बायरन बक्स्टन. जन्म १८ डिसेंबर १९९३, राहणार जॉर्जिया राज्यातील बॅक्स्ली हे लहानसे गाव. २०१२ मध्ये मिनेसोटा ट्विन्स संघाने त्याला संपूर्ण देशात दुसरा म्हणून निवडले. ट्राउटप्रमाणेच तोही सेंटर फील्डला खेळणारा, उजव्या हाताने मारणारा आणि विलक्षण वेगाने धावणारा.

नेमक्या त्याच वर्षी, म्हणजे २०१२ साली, ट्राउटने सारा बेसबॉल हलवून सोडला. वयाची एकविशी त्याने हंगामातच ओलांडली. १३९ सामन्यांत ३२.६ टक्के सरासरी, ३० होमरन, ४९ चोरलेले बेस आणि १२९ धावा. अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू म्हणून त्याची एकमताने निवड झाली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, बक्स्टन मायनर लीगमध्ये तळपू लागला, आणि "हा दुसरा ट्राउट" हे वाक्य तिकडच्या वर्तमानपत्रांतून आणि जाणकारांच्या तोंडून फिरू लागले.

तुलनेच्या बाजूने

हे वाक्य हवेत बोललेले नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. आयोवा राज्यात सिडार रॅपिड्स नावाचे शहर आहे. भोवताली मक्याची शेते, म्हणून तिथल्या संघाचे नावच कर्नल्स, म्हणजे मक्याचे दाणे. २०१० मध्ये हा संघ एंजल्सशी जोडलेला होता आणि ट्राउट तेथे खेळला. २०१३ मध्ये तोच संघ ट्विन्सशी जोडला गेला आणि बक्स्टन तेथे आला. मैदान तेच, पायरी तीच. ट्राउटने तेथे ८१ सामन्यांत ३६.२ टक्के सरासरीने फलंदाजी केली, ६ होमरन मारले आणि ४५ बेस चोरले. बक्स्टनने ६८ सामन्यांत ३४.१ टक्के सरासरी राखली, ८ होमरन मारले आणि ३२ बेस चोरले. 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाने २०११ चा मायनर लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून ट्राउटला निवडले होते. २०१३ साठी बक्स्टनला निवडले. इतके साम्य असताना तुलना करणाऱ्यांना दोष कसा द्यावा?

तरीही एक बारीक फरक तेव्हाच दिसण्यासारखा होता. सिडार रॅपिड्सला खेळताना ट्राउट अठरा वर्षांचा होता आणि बक्स्टन एकोणीस. जन्मतारखांवरून हिशेब केला तर त्याच पायरीवर बक्स्टन सुमारे आठ महिन्यांनी मोठा होता. आठ महिने म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटेल. पण त्या वयात शरीर आणि नजर दर महिन्याला बदलत असते. एकच उत्तरपत्रिका अकरावीच्या मुलाने लिहिली की बारावीच्या, हे पाहिल्याशिवाय गुण देता येत नाहीत.

सत्तावीस फटके

आता या अभ्यासातील मला सर्वांत विलक्षण वाटलेली जागा. ट्राउटचे सर्वोच्च स्पर्धेतील पदार्पण जुलै २०११ मधले. त्या वर्षी तो ४० सामने खेळला. १३५ वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि २७ वेळा चेंडू मारून बेसवर पोहोचला. सरासरी २२ टक्के. बक्स्टनचे पदार्पण जून २०१५ मधले. त्या वर्षी तो ४६ सामने खेळला, १३८ वेळा बॅट घेऊन उभा राहिला, आणि त्याचेही फटके २७ च! सरासरी २०.९ टक्के. म्हणजे पहिल्या परीक्षेत दोघेही सारखेच नापास झाले होते. ट्राउटचे ते अपयश पुढच्या वर्षीच्या झगमगाटात कुणाच्या लक्षात राहिले नाही. बक्स्टनचे मात्र ठळकपणे नोंदले गेले, कारण त्याची तुलना २०११ च्या ट्राउटशी होत नव्हती, २०१२ च्या ट्राउटशी होत होती.

मग त्या दोन अपयशांत काहीच फरक नव्हता काय? होता, पण तो सरासरीच्या आकड्यात नव्हता. ट्राउट त्या पाळ्यांत ३० वेळा स्ट्राइकआउट झाला, बक्स्टन ४४ वेळा. ट्राउटला ९ वॉक मिळाले, बक्स्टनला ६. ट्राउट अपयशी होत असतानाही कोणता चेंडू सोडायचा हे त्याला अधिक कळत होते. पुढे २०१३ मध्ये त्याने ११० वॉक मिळवले. बक्स्टन २०१७ मध्ये १४० सामने खेळला तेव्हा त्याला ३८ वॉक मिळाले आणि तो १५० वेळा स्ट्राइकआउट झाला. पारख्यांच्या पाच गुणांत धावण्याला रकाना आहे, फेकीला आहे. चेंडू सोडण्याच्या समजुतीला स्वतंत्र रकाना नाही. दोघांचे पाय सारखे होते. नजर सारखी नव्हती.

तुलनेने झाकलेली बाजू

परंतु एवढ्यावर थांबलो तर आपणही तीच चूक करू. "दुसरा ट्राउट" म्हटल्यामुळे बक्स्टनची उणी बाजू जशी झाकली गेली, तशी त्याची अधिकची बाजूही झाकली गेली. २०१७ मध्ये उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लोव्ह त्याला मिळाला, आणि अमेरिकन लीगमधील सर्वश्रेष्ठ क्षेत्ररक्षकाचा प्लॅटिनम ग्लोव्हही त्याच वर्षी मिळाला. ट्राउट २०१४, २०१६ आणि २०१९ असा तीनदा लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. पण २०२५ अखेरपर्यंत गोल्ड ग्लोव्ह त्याला एकदाही मिळालेला नाही. म्हणजे एका बाबतीत धाकटा थोरल्याच्या पुढे होता. मात्र ज्याला 'दुसरा' म्हटले त्याच्याकडे 'पहिल्या'पेक्षा काही अधिक असू शकते, हे त्या शब्दात बसतच नाही.

तिसरी गोष्ट शरीराची. कुंपणावर आदळूनही झेल सोडायचा नाही, ही बक्स्टनची रीत. मनगट, पायाचे बोट, खांदा, गुडघा अशा दुखण्यांनी त्याची वर्षेच्या वर्षे खाल्ली. २०१८ मध्ये तो फक्त २८ सामने खेळू शकला. २०२३ मध्ये गुडघ्यामुळे तो मैदानात क्षेत्ररक्षणाला उतरलाच नाही. केवळ फलंदाजी केली. हंगामात १६२ सामने असतात. पदार्पणापासून २०२५ पर्यंत शंभराहून अधिक सामने तो केवळ तीनदा खेळला. "फुकट गेला" असेही त्याच्याविषयी लोक म्हणू लागले. ट्विन्सनी मात्र २०२१ मध्ये त्याच्याशी सात वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला. आणि २०२५ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने ३५ होमरन मारले व २४ बेस चोरले. "दुसरा ट्राउट" हे जसे घाईचे बोलणे होते, तसेच "फुकट गेला" हेही घाईचेच ठरले.

आणि ज्याच्याशी तुलना झाली तो तरी जागच्या जागी राहिला काय? २०२१ पासून दुखापतींनी ट्राउटलाही गाठले. त्या वर्षी तो ३६ सामने खेळला, २०२३ मध्ये ८२ आणि २०२४ मध्ये फक्त २९. २०२५ मध्ये त्याने आपला चारशेवा होमरन मारला, पण त्या वर्षीची त्याची सरासरी २३.२ टक्के होती. बक्स्टनची त्याच वर्षी २६.४ टक्के. दोघांच्या सबंध कारकिर्दी समोरासमोर ठेवल्या तर ट्राउट फार मोठा आहे, यात शंका नाही. पण मोजायची काठीच जर हलत असेल, तर २०१३ साली तिच्यावर केलेली खूण २०२५ साली कशी जुळावी?

निष्कर्ष

या अभ्यासातून मला चार गोष्टी दिसल्या. पहिली, तुलना करायचीच तर पायरी आणि वय जुळवून करावी. नवख्याचे पहिले वर्ष थोरल्याच्या सर्वोत्तम वर्षाशेजारी ठेवू नये. दुसरी, डोळ्यांना दिसणारे साम्य (वेग, बांधा, जागा) लवकर भुलवते. न दिसणारा फरक शोधावा. तिसरी, ज्या बाबतीत नवखा अधिक आहे तो रकानाही कागदावर असावा. चौथी, ट्राउटसारखे आरंभी दिसलेले अनेक जण पुढे ट्राउट झाले नाहीत. आपण एका यशस्वी माणसाकडून मागे पाहतो, म्हणून त्याची वाट सरळ वाटते. त्याच्या आधी नावे पुकारली गेलेल्या चोवीस जणांच्या डोळ्यांनी पाहिले तर ती तशी दिसत नाही.

एक पाचवी गोष्ट आहे, ती आकड्यांत सापडत नाही. तिच्यासाठी आरंभी राखून ठेवलेले खाजगी उत्तर आता देते.

आमच्या गल्लीतील एक ताई आपल्याच महाविद्यालयात शिकली. ती विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघातून खेळली, आणि पुढे खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून पोलीस खात्यात लागली. मी प्रथम वर्षाला आले तेव्हा घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच होते. मैदानावर मला पाहून कुणीतरी कौतुकाने म्हणाले, "ही आपली दुसरी ताई!" आम्ही दोघी डावखुऱ्या, दोघी एकाच गल्लीतल्या. ते वाक्य आमच्या घरी पोहोचले. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. संध्याकाळी सरावाला थांबायची परवानगी मला त्या एका वाक्याने मिळाली, हे मी विसरणार नाही. परंतु यंदाच्या निवड चाचणीत विद्यापीठ संघात माझे नाव आले नाही. घरी कुणी रागावले नाही. आईने एवढेच विचारले, "ताईला तर दुसऱ्या वर्षीच घेतलं होतं ना?" मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री जेवण गेले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून हा अभ्यास सुरू झाला.

वरची मापे मी आम्हा दोघींना लावून पाहिली. ताई आणि मी दुसऱ्या वर्षाला एकाच वयाच्या; पण ताईच्या शाळेत मैदान होते आणि ती सातवीपासून खेळत होती. मी ग्लोव्ह प्रथम हातात घातला तो प्रथम वर्षाला. आमचे वय सारखे, खेळाचे वय निराळे. ताई पिचर होती, मी आउटफील्डला खेळते. डावा हात सोडला तर आमच्या खेळात फारसे साम्यच नव्हते! मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पहिल्या वर्षी मला राखीवमध्येसुद्धा घेतलं नव्हतं. आता कुणाला आठवत नाही एवढंच." ट्राउटच्या त्या २२ टक्क्यांची मला आठवण झाली.

हे सगळे मी वडिलांना आकड्यांसह समजावून सांगितले. त्यांना बेसबॉल ठाऊक नाही. त्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "थप्पीतली गोणी दुसऱ्या गोणीसारखीच दिसती. पाठीवर घेतली की कळतं, हिच्यात कांदा आहे का गहू." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी चाचणी कधी आहे?"

माझ्या मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना मी तुलना करू नका असे म्हणणार नाही. तुलनेच्या एका वाक्यानेच मला मैदान मिळाले. विनंती एवढीच की "दुसरी अमुक" म्हटल्यावर तिथेच न थांबता पुढचे वाक्यही म्हणावे : कशात सारखी, कशात कमी आणि कशात अधिक. मी एक वही घातली आहे. तिच्यात दर सरावाचे माझे फटके, सोडलेले चेंडू आणि सुटलेले झेल लिहिते. ताईच्या नावाचा रकाना त्या वहीत नाही. मागच्या महिन्यातल्या माझा आहे.